मुलं पाठवा, पण झाडाच्या वेळापत्रकाने

प्रति,
मा. महासंचालक, महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे
तसेच पुणे परिसरातील कृषी व उद्यानविद्या महाविद्यालयांचे सर्व प्राचार्य

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांकडून आमच्या नर्सरीला येणारी पत्रं साधारण एकाच साच्याची असतात. ‘खालील विद्यार्थ्यांना आपल्या आस्थापनेत कार्यानुभवासाठी सामावून घेऊन सहकार्य करावे, ही विनंती. कालावधी तीन आठवडे. उपस्थितीपत्रक सोबत जोडले आहे.’ जावक क्रमांक असतो, गोल शिक्का असतो. त्या तीन आठवड्यांत नर्सरीत काय काम चाललेलं असेल, हे पत्र काढण्याआधी कुणी फोन करून विचारल्याचं मात्र मला आठवत नाही. मुलं येतात. चांगली असतात, शिकायची तयारी असते. पण बऱ्याचदा अशा वेळी येतात की त्यांच्या हातात देण्याजोगं काम आमच्याकडे नसतं. मग पाणी मारा, तण काढा, पिशव्या भरा, आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घ्या.

माझी मागणी एकच आहे, बाकीचं सगळं तिच्या अनुषंगाने येईल. मुलांना कामावर पाठवायच्या तारखा सत्राकडे बघून ठरवू नका, पिकाकडे बघून ठरवा.

मी उरुळी कांचनच्या बाजूला नर्सरी चालवते. सोलापूर रस्त्याने पुण्याबाहेर पडलं आणि दोन्ही अंगांना हिरवं शेडनेट दिसायला लागलं की आमचा इलाखा आला समजायचं. आंबा, पेरू, सीताफळ, डाळिंब ही फळझाडं, आणि शहरातल्या सोसायट्यांसाठी शोभेची झाडं. पैसा खरा शोभेच्या झाडांत आहे, पण शिकण्यासारखं जास्त फळझाडांत आहे, म्हणून त्यातलंच एक काम जरा सविस्तर सांगते.

आंब्याचं कोय कलम घ्या. कोयीतून उगवलेलं कोवळं रोप म्हणजे खुंट, आणि त्यावर चांगल्या झाडाची, म्हणजे मातृवृक्षाची, काडी बांधायची. रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी आम्ही जून-जुलैत लावतो. कोय उगवते तेव्हा कोंब तांबूस आणि लुसलुशीत असतो. हा तांबूसपणा टिकतो जेमतेम आठ-पंधरा दिवस. पानं हिरवी व्हायला लागली, दांडा कडक लागायला लागला की ते रोप कोय कलमाच्या कामाचं राहत नाही. तिकडे मातृवृक्षावर काडी तयार करायची असते. तीन-चार महिन्यांची निरोगी काडी निवडायची आणि आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापायची. देठ आपोआप गळतात, शेंड्याचा डोळा फुगतो. फुगलेला पण न फुटलेला डोळा दिसला की त्याच दिवशी काडी उतरवायची. खुंट आणि काडी, दोघांची वेळ जुळली पाहिजे आणि वर हवेत ओल पाहिजे. आमच्या भागात हे सगळं जमून येतं ते जुलै-ऑगस्टात. तेव्हा दम खायलाही फुरसत नसते, आणि नेमकी तेव्हाच कुणी शिकायला उभं नसतं. विद्यार्थी येतात ते डिसेंबरात किंवा एप्रिलात. त्यांना मी शेडमध्ये नेऊन दाखवते ती बांधून, वाढून, विक्रीला लागलेली कलमं. तयार पुरणपोळी दाखवून स्वयंपाक शिकवल्यासारखं आहे ते.

आमच्याकडे कलमं बांधणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचा हात बघण्यासारखा आहे. खुंट कोयीपासून चार बोटांवर छाटतात, मधोमध चीर देतात. काडीला पाचर काढताना चाकू हलवत नाहीत. पातं जागच्या जागी धरून काडी ओढतात. एका ओढीत एक काप, काडी फिरवली की दुसरा. काप इतका साफ की ओल्या लाकडावर उजेड चमकतो. नवखं पोरगं याच्या नेमकं उलट करतं. काडी धरून ठेवतं आणि पातं तीन-चारदा चालवतं. काप खालीवर होतो, खुंटाशी भिडत नाही, मध्ये हवा राहते आणि कलम सुकतं. मग साल सालीला एका बाजूने तरी भिडली पाहिजे, पट्टी ताणून बांधली पाहिजे, सांध्यात पाणी शिरता कामा नये. पुस्तकात हे सगळं आकृतीसकट आहे आणि मुलांना तोंडपाठही असतं. मावशी म्हणतात, ‘‘बाळा, पाठ तुला माज्यापेक्षा चांगलं हाय, आता हाताला कळू दे.’’ हाताला कळायला दोन-तीनशे काड्या वाया जाव्या लागतात. त्या वाया घालवायची आमची तयारी आहे. पण काड्या असतील तेव्हाच ना!

आणखी एक गंमत बघा. कलम बांधल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी जगलेल्या काडीला फूट दिसायला लागते. तुमच्या पत्रातला कालावधीही तीन आठवडेच. पहिल्याच दिवशी मुलीने कलम बांधलं तरी ते जगलं की मेलं हे दिसायच्या सुमाराला तिची कार्यमुक्ती झालेली असते. आपली शंभरातली किती जगली, मेली ती का मेली, काप वाकडा होता की काडी कोवळी होती की पट्टी सैल पडली, हा हिशेब करायला ती इथे नसते. आमच्या धंद्यात खरं शिक्षण या हिशेबात आहे. मजुरीसुद्धा शेकड्यावर, म्हणजे शंभर कलमांमागे, ठरते, आणि मेलेल्या कलमाला गिऱ्हाईक नसतं.

हे फक्त आंब्याचं नाही. जुन्नर-नारायणगावचा द्राक्षवाला तुम्हाला हेच सांगेल. त्याच्या वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. डॉगरीज जातीच्या खुंटावर बागेतच कलम करायचं तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात. मणी वाढीला लागले की विरळणी आणि संजीवकाच्या, म्हणजे वाढीच्या औषधाच्या, द्रावणात घड बुडवणं. प्रत्येक कामाला ठरलेले दिवस, एक आठवडा चुकला की पुढचं गणित बिघडतं. मावळात, तळेगावच्या बाजूला गुलाबाची हरितगृहं आहेत. फेब्रुवारीतल्या त्या प्रेमाच्या दिवसाची फुलं परदेशी जातात त्यासाठी डिसेंबरच्या मध्याला छाटणी होते आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून कापणीची धांदल उडते. फूल कितपत मिटलेलं असताना कापायचं, दांडीच्या लांबीप्रमाणे प्रतवारी कशी करायची, शीतगृहात दोन-चार अंशांवर कसं ठेवायचं, हे सगळं त्या दोन-अडीच आठवड्यांत बघायला मिळतं. एप्रिलात गेलात तर मालक चहा पाजेल आणि संगणकावरचे फोटो दाखवेल. बहार म्हणजे झाडाला फुलं-फळं धरायचा हंगाम. पुरंदरच्या अंजिराचा खट्टा बहार वेगळा, मिठा बहार वेगळा. डाळिंबाला मृग, हस्त, आंबे असे तीन बहार; पाणी बंद ठेवून ताण कधी द्यायचा आणि कधी तोडायचा हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं नाही त्याला बहार म्हणजे परीक्षेतला चार गुणांचा प्रश्न वाटतो.

आता ग्रामीण कार्यानुभवाबद्दल. कृषीदूत आणि कृषीकन्या, म्हणजे या कार्यानुभवाला आलेले विद्यार्थी आणि विद्यार्थिनी, गावात राहतात, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसतात, ही चांगलीच गोष्ट आहे, ती बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्या प्रात्यक्षिकांचं काय झालंय ते तुम्हीही बघता. मागे फ्लेक्स, त्यावर प्राचार्यांपासून कार्यक्रम समन्वयकांपर्यंत सगळ्यांची नावं, पुढे सरपंच, मधे एक बादली. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमी, ‘कृषीकन्यांनी दिले बोर्डो मिश्रणाचे धडे’. बोर्डो म्हणजे बुरशीवरचं औषध. एक टक्क्याच्या बोर्डोला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे फोटोतल्या प्रत्येकाला माहीत असतं. दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करायचं, हेही. तयार झालेल्या मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवून बघायचं, त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालायची, नाहीतर पानं भाजतात. फोटो काढून झाल्यावर हे पातं बुडवायला किती जण थांबतात? अहवालात फोटो लागतो, पातं लागत नाही. मुलं हुशार आहेत, ज्याला गुण आहेत तेच करतात.

म्हणून दुसरी गोष्ट मूल्यमापनाची. नर्सरीतून परत गेलेल्या मुलाला तोंडी परीक्षेत काय विचारतात हे मी अनेकांकडून ऐकलंय. आस्थापनेचं नाव, स्थापना वर्ष, एकूण क्षेत्र, वार्षिक उलाढाल. (उलाढाल आम्ही प्राप्तिकरवाल्यांना सांगतो तीच मुलांना सांगतो, त्यात शिकण्यासारखं काही नाही.) त्याऐवजी परीक्षकाने एक खुंट आणि एक काडी समोर ठेवावी आणि म्हणावं, बांध. किंवा विचारावं, तुझ्या शंभर कलमांतली किती जगली, आणि ती वही दाखव. १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्यापासून आम्हाला नोंदी ठेवाव्याच लागतात. खुंट कुठला, काडी कुठल्या मातृवृक्षाची, किती बांधली, किती विकली. विद्यार्थ्याने तीन महिने ती नोंदवही सांभाळली तर पन्नास पानांच्या बांधीव अहवालापेक्षा त्याला धंदा जास्त कळेल. शिवाय बांधणावळीचे पैसे वाचतील.

पुण्याला हे नव्याने सांगावं लागतंय याचं मला आश्चर्य वाटतं. गणेशखिंडीच्या फळसंशोधनाच्या बागेत काय काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सरदार पेरू, ज्याला आपण अजून लखनौ-४९ म्हणतो, तो तिथे १९२७ मध्ये निवडला गेला. फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी आळंदीच्या वाणातून गणेश डाळिंब निवडलं ते १९३६ च्या सुमारास. गणेशच्याच संकरांतून पुढे राहुरीच्या विद्यापीठाने मृदुला आणि भगवा दिले, आणि आज आपल्या डाळिंबाची निर्यात भगव्यावर उभी आहे. ही निवड झाली कशी? रोपांच्या ओळींतून हंगामामागून हंगाम फिरून, फळ कापून, दाणा चावून, बी मऊ की टणक बघून. माणूस झाडासमोर त्या-त्या वेळी हजर होता म्हणून झाली. त्याच शहरात आता उद्यानविद्येचा विद्यार्थी चौथ्या वर्षाला पोचतो आणि त्याने स्वतः बांधलेलं, स्वतः वाढवलेलं एकही झाड त्याला दाखवता येत नाही. अपवाद आहेत, चांगले आहेत, पण ते मुलाच्या हौसेमुळे आहेत, व्यवस्थेमुळे नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं आंदोलनाला रात्रभर बसली होती. कृषी सेवेच्या २५८ जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत धराव्यात, ही त्यांची एक मागणी होती. रास्त होती. त्या गर्दीत कृषी आणि उद्यानविद्येचे पदवीधर होते, आणि त्याच महिन्यात आमच्या पट्ट्यातले नर्सरीवाले एकमेकांना फोन करत होते की कलमाची शेड सांभाळील असं कुणी माहितीत आहे का. मिस्टची, म्हणजे तुषारांची, वेळ कधी बदलायची, ठिबकातून दिलेल्या खताचा ईसी-पीएच, म्हणजे क्षार आणि आम्लता, कसा बघायचा, रोप उन्हाला कधी काढायचं, हे कळणारा माणूस आम्हाला मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. पोरांना दोष देऊन उपयोग नाही. ज्या कामाची चव तीन आठवड्यांत फक्त पिशव्या भरून घेतली, त्या कामासाठी कुणी शास्त्री रस्ता का सोडेल?

आता आमच्या बाजूच्या लोकांना दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. आपल्यातल्या काहींनी विद्यार्थी म्हणजे फुकटचा मजूर असं धरलंय. पिशव्या भरणं हलकं काम नाही. माती, शेणखत, कोकोपीट यांचं प्रमाण, पिशवीची भोकं, तळाला पाणी साचतं की निघून जातं, यात शिकण्यासारखं आहे आणि दोन दिवसांत शिकून होतं. त्यापुढचे पंधरा दिवस तेच करून घेणं म्हणजे मजुरी वाचवणं आहे. फवारणीचा पंप तर कुणाच्याही पाठीवर देऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ती शेतात रोज काम करणारी होती. ज्याने आयुष्यात कधी पंप उचलला नाही त्या मुलाला चप्पल घालून, तोंडाला रुमाल बांधून औषध मारायला लावणाऱ्याला महाविद्यालयाने पुन्हा विद्यार्थी देऊ नयेत. अशी यादी ठेवायला आणि वापरायला महाविद्यालयांनी भिऊ नये. आम्हाला मुलं हवी असतात, यादीचा धाक चालेल.

पैशांचं बोलायला कुणालाच आवडत नाही, पण बोलते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना सहा हजार, पदविकेला आठ आणि पदवीला दहा हजार विद्यावेतन ठरलं. पण ते शिक्षण संपलेल्यांसाठी. शिकत असलेल्या मुलाला त्यातलं काही नाही. सोलापूरहून, बीडहून पुण्यात शिकायला आलेला मुलगा महाविद्यालयाची मेस सोडून आमच्याकडे महिनाभर राहणार तर त्याने खायचं काय? जेवण आणि खोली आम्ही देऊ शकतो, आमच्यातले बरेच जण देतीलही. प्रवास आणि अपघात विमा महाविद्यालयाने बघावा. मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. वर्गात मुली पुष्कळ असतात, पण नर्सरी किंवा हरितगृह आडबाजूला असलं की ‘सोय नाही’ म्हणून त्यांना शहराजवळच्या ठिकाणी वाटून टाकतात आणि त्या दुकानवजा रोपविक्री केंद्रात बसून येतात. एकटीला पाठवू नका, तीन-चार जणींचा गट पाठवा, वस्तीवरच्या घरात खोली घ्या. आमच्या कामावर निम्म्याहून जास्त बायाच आहेत. मुलींना इथे परकं वाटायचं कारण नाही.

वेळापत्रक कसं जमवायचं, हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. चार विद्यापीठं, शेकडो महाविद्यालयं, एकच परीक्षा वेळापत्रक, त्यात जुलै-ऑगस्ट मोकळा कसा ठेवायचा? अख्खा ठेवू नका. एका सलग तुकड्याऐवजी दोन भेटी करा. पहिली लांब, हंगामात. दुसरी छोटी, महिना-दीड महिन्याने, आपण केलेल्या कामाचं काय झालं ते बघायला. आणि सगळ्या वर्गाला एकाच महिन्यात बाहेर काढायची गरज नाही. दहा जण जुलैत कलमाला जातील, दहा ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीला, दहा जानेवारीत गुलाबाला. मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, तळेगावची प्रशिक्षण संस्था, एम्प्रेस गार्डन, गुलटेकडीचा फुलबाजार, हे सगळं पुण्याच्या पंचक्रोशीत असताना वर्षातला एकही महिना असा नाही की पाठवायला जागा नाही. बुडालेले तास परत आल्यावर भरून काढता येतात. चुकलेला हंगाम पुढच्या वर्षीच येतो, आणि तोवर मूल पास होऊन गेलेलं असतं. कृषी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनी कौशल्यविषयांना आणि इंटर्नशिपला जागा वाढवून दिलीच आहे. एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यालाही दहा आठवड्यांच्या इंटर्नशिपवर प्रमाणपत्र मिळावं असं त्यात आहे. दहा आठवडे मिळणारच असतील तर ते कोणते, एवढंच ठरवायचं आहे.

आणि मावशींसारख्यांना मानधन द्या. महाविद्यालय पाहुण्या व्याख्यात्याला तासाचे पैसे देतं, पाकीट आणि शाल देतं. मुलांना काप शिकवताना मावशींची दिवसाची निम्मी कलमं बुडतात आणि मजुरी शेकड्यावर असल्यामुळे ते नुकसान थेट त्यांच्या खिशातून जातं. शिकवणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव यायला नियमाची कुठली अडचण असेल तर तो नियम आधी बघा.

आमच्याकडून काय होईल ते सांगते. येत्या हंगामात सहा विद्यार्थी आम्ही कलमाच्या कामावर घेऊ, मुली असल्या तरी अडचण नाही, जेवण आणि राहणं आमच्याकडे. पिशव्या दोन दिवस भराव्या लागतील. प्रत्येकाला स्वतःचा वाफा आणि स्वतःची वही मिळेल. काड्यांची पानं कापायला आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करतो, म्हणून नावं जूनच्या मध्यापर्यंत कळवा. पत्र नंतर आलं तरी चालेल, आधी फोन करा.

आपली,
एक रोपवाटिकाचालक
उरुळी कांचन परिसर, जि. पुणे